बारीक माणसांची शुगर

2004 सालच्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघंही सडपातळ. उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, दोघांचाही तंतोतंत सारखा, 22.3. वजनकाट्याच्या लेखी दोघांत काहीच फरक नव्हता. पण शरीरातली चरबी मोजणाऱ्या यंत्राखाली दोघं झोपले, तेव्हा युडकिन यांच्या अंगात ती 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के.

हा फोटो मी पाहिला आणि मला आई आठवली.

आई अंगापिंडाने बारीक. बाळंतपणं सोडली तर तिचं वजन कधी 50 किलोच्या वर गेलं नाही. हातपाय काटकुळे, पोटाशी तेवढा गोलावा. अडतिसाव्या वर्षी तिला शुगर निघाली. पायाची जखम भरत नव्हती म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तिथे रक्त तपासलं. गावात कुणाला पटेना. ‘अगं, तुला कशी शुगर होईल, तू तर नुसती काडी,’ असं शेजारच्या काकू म्हणाल्या. शुगर म्हणजे गादीवर बसून तुपातलं खाणाऱ्यांचा आजार, असं तेव्हा सगळे धरून चालायचे. आई तर सकाळी धारा काढून, भाकऱ्या थापून रानात जाणारी आणि दिवेलागणीला परत येणारी. तिने मात्र स्वतःलाच दोष दिला. आपल्याच खाण्यात काहीतरी आलं असणार, असं म्हणून आधी गूळ सोडला, मग भात, मग आंबे. वर्षानुवर्षं ती स्वतःच्या ताटात स्वतःचा गुन्हा शोधत राहिली.

तिचा गुन्हा नव्हता. मला जे लिहायचं आहे ते एवढंच, पण त्यासाठी बऱ्याच लांबून यावं लागेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे 2022 मध्ये जगातले 250 कोटी प्रौढ जास्त वजनाचे होते आणि त्यांतले 89 कोटी लठ्ठ. 1990 पासून प्रौढांमधला लठ्ठपणा दुपटीहून वाढला, किशोरवयीन मुलांमधला चौपट झाला. हे वाचलं की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिकेतली अवाढव्य माणसं येतात आणि आपण मनातल्या मनात सुटतो. आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशभरातल्या पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. त्यांच्या अंदाजाने भारतात 10 कोटी 10 लाख माणसांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटी 60 लाख माणसं त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्याच पाहणीत बीएमआयच्या हिशेबाने लठ्ठ ठरणारी माणसं 28.6 टक्के, पण पोटाच्या घेराच्या हिशेबाने लठ्ठ ठरणारी 39.5 टक्के. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आईसारखी माणसं आहेत. काटा त्यांना पकडत नाही. टेप पकडते.

पुण्याहून नगर रस्त्याने निघालं की शिरूर तालुक्यात वढू बुद्रुक लागतं. संभाजी महाराजांच्या समाधीमुळे साऱ्या महाराष्ट्राला माहीत असलेलं गाव. तिथे केईएमच्या डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकात ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. पुढे 1993 मध्ये याच केईएमच्या संशोधकांनी पुण्यापासून साधारण 50 किलोमीटरवरच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. मूल होण्याच्या वयातल्या दोन-अडीच हजार बायकांची, गरोदर राहण्याच्या आधीच, उंची, वजन, दंड, कंबर सगळं मोजलं. अभ्यासाच्या कामावरच्या बायका महिन्याच्या महिन्याला घरोघर जाऊन पाळी चुकली का विचारत. दिवस गेले की ती बाई काय खाते, किती खाते, किती राबते, पाणी कुठून आणते याची नोंद. बाळ जन्मलं की त्याचंही मोजमाप, लगेच. आमचं गाव त्या सहांत नाही, पण तीच बाजरी, तीच घोड-भीमेच्या मधली जमीन आणि त्याच वयाच्या बायका. माझा धाकटा भाऊ 1994 चा. आई त्या वह्यांमध्ये नाही, तरी त्यातली कुठलीही ओळ तिची असू शकते.

त्या आयांची सरासरी उंची 152 सेंटिमीटर आणि वजन 42 किलोच्या आसपास. बाळांचं वजन सरासरी पावणेतीन किलोच्याही किंचित खाली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी त्यांची तुलना केली. तिकडचं बाळ साडेतीन किलोचं. आपलं बाळ लांबीला कमी, डोक्याच्या घेराला कमी, दंडाला कमी, पोटाला तर फारच कमी, म्हणजे आतले अवयव आणि स्नायू दोन्ही थोडे. फक्त एक माप जवळपास बरोबरीचं निघालं. खांद्याच्या फऱ्याखालची कातडी चिमटीत धरून मोजतात ती जाडी. थोडक्यात, कातडीखालची चरबी. एवढुशा बाळात सगळं कमी, चरबी मात्र राखलेली. 2003 साली हा निष्कर्ष छापून आला आणि ‘बारीक पण चरबीचं बाळ’ अशी भारतीय बाळाची जगभरच्या संशोधकांत ओळख झाली.

हे असं का होतं याचा धागा इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांना सापडला होता. हर्टफर्डशायर परगण्यात 1911 पासून परिचारिका घरोघर जाऊन बाळांची वजनं वहीत लिहून ठेवत. बार्कर यांनी त्या वह्या शोधल्या, ती बाळं मोठी होऊन कशाने मेली हे पाहिलं, आणि दिसलं की जन्माला हलकी असलेली मुलं पुढे हृदयविकाराने जास्त गेली. हॉलंडमध्ये 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न तोडलं, त्या उपासमारीत आईच्या पोटात असलेल्या मुलांचं पन्नाशीला रक्त तपासलं, तर त्यांच्यात साखरेचा बिघाड इतरांपेक्षा जास्त. पोटातल्या जीवाला अन्न कमी मिळालं की ते हिशेबाने वापरलं जातं. मेंदूला आधी. स्नायू, स्वादुपिंड, मूत्रपिंड यांच्या वाट्याला उरलंसुरलं. तंगीच्या वर्षी घरात दवाखाना आणि बियाणं यांचे पैसे आधी बाजूला काढतात आणि भिंतीच्या गिलाव्याचं काम पुढे ढकलतात, तसंच. पण गिलावा पुढच्या वर्षी करता येतो. स्नायू आणि स्वादुपिंड यांची राहिलेली जडणघडण पुढे तशी भरून काढता येत नाही. आणि रक्तातली साखर वापरायची जागा म्हणजे मुख्यतः स्नायूच, आणि त्यासाठी लागणारं इन्सुलिन बनतं ते स्वादुपिंडात.

केईएमच्या अभ्यासातली ती मुलं 18 वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली. जवळपास निम्मी अजूनही कमी वजनाची होती, बीएमआय 18.5 च्या खाली. कुणीही त्यांच्याकडे पाहून ‘जरा खात जा’ असंच म्हणालं असतं. त्यांच्यातल्या 29 टक्क्यांच्या रक्तातली साखर बिघडलेली होती. मुलग्यांमध्ये 37 टक्के, मुलींमध्ये 18. अठराव्या वर्षी, खेड्यात, बारीक अंगाने.

हे वाचून मी आजीच्या काळात गेले. आई 1972 च्या दुष्काळात आजीच्या पोटात होती. ते वर्ष महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात सांगितलं जातं. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी मिळायची, मिलो. तिची भाकरी थापता थापता तुटायची आणि घशाखाली उतरायची नाही, असं आजी शेवटपर्यंत सांगे. कामावर सुकडी वाटत, ती आजी पदरात बांधून मोठ्या मुलांसाठी घरी आणायची. पोटुशी बाई, दिवसभर दगड फोडते आणि मिळालेली मूठभर सुकडी घरी नेते. आईच्या शरीराची तयारी तिथे झाली, त्या खडीच्या ढिगाजवळ. आईला चाळिशीच्या आत शुगर का झाली असा प्रश्न मला कुणी विचारला, तर एकट्या आईपुरतं खात्रीचं उत्तर कुठलाच डॉक्टर देणार नाही. पण हजारो आयांच्या वह्या ज्या दिशेने बोट दाखवतात ती दिशा मला आता दिसते.

म्हणूनच ‘जुनं ते खाणं चांगलं’ हे वाक्य मला फार टोचतं. हल्ली ते सगळीकडे ऐकू येतं. ज्वारी-बाजरी, नाचणी, लाकडी घाण्याचं तेल, मातीची भांडी. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं तेव्हापासून तर शहरातल्या दुकानांत बाजरीची बिस्किटंही आली. ज्वारीची भाकरी गव्हाच्या पावापेक्षा चांगली आहे यात मला शंका नाही. पण माझ्या आजीच्या ताटात काय होतं? भाकरी, मिरचीचा ठेचा, कधी हुलग्याचं माडगं, पावसाळ्यात रानात मिळेल ती कुर्डूची, तांदुळजाची भाजी. गोठ्यात म्हैस होती, दूध डेअरीला जायचं. घरात राहायचं ते चहापुरतं. कोंबड्या होत्या, अंडी बाजाराच्या दिवशी विकली जायची. शेवग्याच्या शेंगा, पेरू, सीताफळं, सगळं पाटीत भरून बाजारात. आणि जे घरात उरे ते आधी बाप्ये, मग पोरं, मग म्हातारी माणसं, आणि सगळ्यांत शेवटी ती. केईएमच्या त्या अभ्यासात गरोदर बायकांच्या आहाराचा हिशेब मांडला तेव्हा दिसलं की कोण किती भाकऱ्या खातं याचा बाळाच्या आकाराशी फारसा मेळ लागत नाही. ज्यांच्या खाण्यात पालेभाज्या, दूध आणि फळं पुन्हा पुन्हा येत होती, त्यांची बाळं मोठी होती. आणि ज्यांच्या अंगावर पाणी भरण्याचं, रानातलं काम जास्त, त्यांची लहान. दूध काढणारी आणि भाजी पिकवणारी बाईच दूध-भाजीवाचून राहिली. त्या ताटाचं मला कौतुक करवत नाही. चांगलं खाणं त्या गावात होतं, त्या बाईपर्यंत पोहोचत नव्हतं.

मग नव्वदीचं दशक आलं आणि ताट बदललं. फार भराभर बदललं. आमच्याकडे कॅनॉलचं पाणी आलं, बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला. रांजणगावला एमआयडीसी आली. रेशनवर गहू-तांदूळ मिळत असल्यामुळे ज्वारीची भाकरी रोजच्या जेवणातून मागे सरत चालली होतीच. ज्वारी पिकवायची, कापायची, मळायची, दळून आणायची, आणि मग परातीत थापायची, यातली बहुतेक मेहनत बाईची. चपात्या सोप्या, म्हणून बायकांनी चपातीला आनंदाने जवळ केलं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पण त्याच सुमारास तेल स्वस्त झालं. करडई-शेंगदाण्याच्या तेलाची जागा पामतेलाने घेतली. आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं आणि त्यात सगळ्यांत मोठा वाटा इंडोनेशिया-मलेशियातल्या पामतेलाचा आहे. तेल स्वस्त झालं म्हणून फाट्यावर वडापावची गाडी परवडली, फरसाण परवडलं, पाच रुपयांची चिप्सची पुडी परवडली. आजीच्या काळी तळण म्हणजे दिवाळी. आता आमच्या गावातल्या कुठल्याही दुकानाच्या दारात रंगीत पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात, आणि त्याच दुकानात पालेभाजीची एक जुडी मिळत नाही.

उपाशी राहून घडलेल्या शरीरावर हे खाणं येऊन पडलं. आपल्याकडची गोष्ट इथे वेगळी होते. मिळेल ते साठवायला शिकलेलं शरीर, साखर खपवायला स्नायू थोडे, स्वादुपिंडाची ताकद मर्यादित, आणि समोर अचानक मैदा, साखर, तेल, तेही अगदी स्वस्त. अशा शरीराला बिघडायला शंभर किलो वजन लागत नाही. म्हणूनच भारतीयांसाठी डॉक्टर बीएमआयची धोक्याची रेषा 25 ऐवजी 23 वर ओढतात आणि पोटाचा घेर पुरुषांसाठी 90 आणि बायकांसाठी 80 सेंटिमीटरच्या आत असावा म्हणतात.

‘तोंडावर ताबा नाही’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे फार सहज वापरतात. तो वापरणाऱ्यांनी 2019 सालचा एक प्रयोग पाहावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी 20 धडधाकट माणसांना महिनाभर दवाखान्यातच ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात बनलेलं तयार अन्न, दोन आठवडे साधं, घरच्यासारखं शिजवलेलं अन्न. दोन्हींतल्या ताटात मांडलेल्या कॅलरी, साखर, चरबी, चोथा, मीठ सारखं. हवं तेवढं खा, हवं तेवढं टाका. तयार अन्नाच्या दोन आठवड्यांत तीच माणसं दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेली आणि जवळपास किलोभर वाढली. साध्या अन्नाच्या दोन आठवड्यांत तेवढीच उतरली. माणसं तीच होती, त्यांचा ताबाही तोच. बदललं होतं फक्त ताट. ते अन्न मऊ असतं, भराभर खाल्लं जातं, आणि पोट भरल्याचा निरोप पोचण्याआधी ताट रिकामं होतं.

ब्राझीलमध्ये कार्लोस मोंतेरो या साओ पाउलो विद्यापीठातल्या डॉक्टरांना असंच एक कोडं पडलं होतं. त्यांनी कारकीर्द सुरू केली कुपोषित मुलांच्या अभ्यासाने. नंतर पाहतात तर लोक घरी साखर आणि तेल आधीपेक्षा कमी विकत घेतायत आणि तरी वजनं वाढतायत. साखर-तेल गेलं नव्हतं. ते आता किराणा मालाच्या पिशवीतून न येता बिस्किटांतून, शीतपेयांतून, नूडल्सच्या पाकिटांतून येत होतं. त्यांनी 2009 मध्ये अन्नाची नवी वर्गवारी मांडली, त्यात पदार्थात काय आहे यापेक्षा तो कसा आणि कशासाठी बनवला याला महत्त्व दिलं. 2014 मध्ये ब्राझील सरकारने आपल्या लोकांना दिलेला आहाराचा सल्ला त्यावरच उभा आहे. त्यात कॅलरींचे तक्ते नाहीत. ताजं शिजवलेलं खा, कारखान्यातलं टाळा, आणि शक्यतो चार माणसांबरोबर बसून जेवा, असं त्यात सांगितलं आहे.

आणि सामोआ. प्रशांत महासागरातलं छोटं बेट-राष्ट्र, मासे, नारळ आणि अळूचे कांदे खाऊन जगलेलं. तिथे अमेरिकेतून टर्कीच्या शेपट्या येऊ लागल्या. टर्कीचा हा सगळ्यांत चरबट भाग, तो अमेरिकेत कुणी फारसा खात नाही, म्हणून स्वस्तात बाहेर पाठवला जातो. लठ्ठपणा आणि मधुमेह वाढत गेला तेव्हा सामोआने 2007 मध्ये या शेपट्यांवर बंदी घातली. पुढे 2012 मध्ये जागतिक व्यापार संघटनेचं सदस्य होताना ती बंदी उठवायचं कबूल करावं लागलं. एका देशाने ‘हे आमच्या लोकांना नको’ म्हटलं आणि त्याला तसं म्हणता आलं नाही. तिथल्या एखाद्या आजीला कुणी ‘कमी खा’ असं सांगत असेल, तर मला तिच्या बाजूने उभं राहावंसं वाटतं.

भाऊ आता एका कंपनीत शिफ्टला आहे. रात्रपाळी असली की गेटबाहेर वडापाव, मध्यरात्री चहा-खारी, पहाटे कॅन्टीनचा तवंग आलेला रस्सा आणि पाव. दिवसा झोपायचं, त्यामुळे घरचं जेवण एकच वेळ. तोही बारीकच होता, कॉलेजात असताना दोरीसारखा. आता शर्टाची बटणं पोटावर ताणतात, दंड मात्र तसेच. मागच्या वर्षी तीन महिन्यांची सरासरी साखर तपासली, डॉक्टर म्हणाले, ‘बॉर्डरवर आहे.’ त्याने मला फोन केला तेव्हा त्याच्या आवाजात आईचाच सूर होता, ‘ताई, माझंच चुकलं गं.’ मला फार राग आला, त्याच्यावर नव्हे. बारा तास यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला रात्री दोन वाजता त्या गेटबाहेर दुसरं काय मिळतं? तो आता डबा नेतो. भाकरी, मटकी, काकडी. वहिनी पहाटे उठून करते. म्हणजे त्याची तब्येत सुधारायचा भार पुन्हा एका बाईच्या झोपेवर पडला आहे. कंपनीने कॅन्टीनमध्ये एक उसळ आणि एक ताजी भाजी ठेवली असती, तर तेच काम शेकडो घरांसाठी एका चुलीवर झालं असतं.

2025 मध्ये वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं आपल्याकडे आली. ज्यांना गरज आहे आणि परवडतं त्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावीत, मला त्याचं वावडं नाही. पण आली तेव्हा महिन्याला हजारो रुपयांना पडणारी ही सुई भावाच्या शिफ्टमधल्या माणसांपर्यंत पोचणार नाही, आणि ज्यांचं वजन मुळात जास्त नाहीच त्यांच्या गोष्टीत तिची जागा फारशी नाही. चिली या देशाने 2016 मध्ये साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या प्रत्येक पाकिटावर काळा अष्टकोनी शिक्का सक्तीचा केला, वाचता न येणाऱ्यालाही कळेल असा. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2022 मध्ये मसुदा काढला तो पाकिटांना तारे देण्याचा. तारा पाहून आमच्या गावातलं पोर ते पाकीट खाली ठेवेल असं कुणालाही वाटणार नाही. शाळेत चांगल्या अक्षराला तारा मिळतो.

पण माझा खरा जीव अडकतो तो त्या सहा गावांतल्या मुलींपाशी. अभ्यासात असंही दिसलं होतं की गरोदर आयांपैकी 60 टक्क्यांहून जास्त जणींच्या रक्तात बी-12 जीवनसत्त्व कमी होतं. ते दूध, अंडी, मांस, मासे यांतूनच मिळतं. आणि ज्या आयांमध्ये बी-12 कमी पण फोलेट, म्हणजे पालेभाज्यांतून मिळणारं जीवनसत्त्व, भरपूर होतं, त्यांच्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षीच इन्सुलिनला नीट दाद देत नव्हतं. म्हणून संशोधकांनी अभ्यासातच जन्मलेल्या त्या मुला-मुलींना, ती सतरा-अठरा वर्षांची असताना, बी-12 च्या गोळ्या द्यायला सुरुवात केली. त्यांचं लग्न होईल, त्या मुलींना दिवस जातील, तेव्हा पुढच्या बाळाचं शरीर तरी पुरेशा सामानानिशी घडावं. उपचाराची सुरुवात आजाराच्या एक पिढी आधी. मला हे विज्ञान म्हणून जितकं मोठं वाटतं तितकंच माणुसकी म्हणून.

आणि शासनाचं काय चाललं आहे? शाळेत किशोरवयीन मुलींना आठवड्याला जी गोळी मिळते तिच्यात लोह असतं, फॉलिक आम्ल म्हणजे फोलेटच असतं, बी-12 नसतं. नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं, अंडं न खाणाऱ्याला केळं. माझ्या भाचीच्या शाळेत त्या दिवशी पटावरची सगळी मुलं हजर असायची, असं तिच्या बाई सांगत होत्या. 2025 च्या जानेवारीत सरकारने त्यासाठीचा पैसा थांबवला. द्यायचं असेल तर शाळांनी लोकवर्गणीतून द्यावं, म्हणाले. ज्या गावात शाळेच्या छपरालाच वर्गणी पुरत नाही, तिथे अंड्याला कुठून पुरणार?

एका अंड्याला पाच रुपयांहून जास्त पडतात. चिप्सची पुडी पाच रुपयांची. भाची मधल्या सुट्टीत दुकानात जाते तेव्हा तिच्या मुठीत पाचाचं नाणं असतं. घरी आम्ही एवढं ठरवलंय की म्हशीचं एक लिटर दूध डेअरीला जाणार नाही, आणि वहिनी आणि भाची सगळ्यांच्या आधी जेवतील. पहिले काही दिवस वहिनीला घास जाईना, सासूच्या आधी कसं बसायचं म्हणून. आईनेच तिला हाताला धरून बसवलं. भाची आता अकरा वर्षांची आहे, हाताने बारीक, उंचीने वर्गात दुसरी. शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत अंड्याचा विषय मांडायचं भावाने ठरवलं आहे. ग्रामपंचायतीकडून वर्षभराची तरतूद मागायची, आणि सोबत सरकारकडे जाणाऱ्या अर्जावर गावातल्या आयांच्या सह्या घ्यायच्या. अर्जाचा कागद मी लिहून दिला आहे. पहिली सही आईची.